डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी आणि लांबचा नंबर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले नेहमीचे प्रश्न

शाळेत किंवा मंडळाच्या शिबिरात डोळे तपासले की हातात एक चिठ्ठी येते. त्यावर इंग्रजी अक्षरं, उणे-अधिकची चिन्हं, कधी एखादी कन्नड ओळ आणि खाली सही. घरी आल्यावर विचारलं जातं ते एवढंच: "नंबर किती?" माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न "मागच्या वर्षापेक्षा किती वाढला?" हा आहे. जुनी चिठ्ठी टाकून दिलेली असली की त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही.

६/६ म्हणजे काय? ६/१२ आलं तर निम्मंच दिसतं का?

निम्मं नाही. वरचा आकडा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर बसला होता. खालचा आकडा म्हणजे तुम्ही वाचलेली शेवटची ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते. ६/१२ चा अर्थ असा, की जी ओळ इतरांना बारा मीटरवरून दिसते ती वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागलं. सगळ्यात वरचं एकटं मोठं अक्षर ६/६० चं. तेवढंच वाचता आलं तर नजर बरीच कमी आहे.

हा तक्ता हर्मान स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली केला. त्यातल्या ६/६ च्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास उंच असतं आणि वरचं मोठं अक्षर त्याच्या दहापट. सहा मीटर अंतर ठेवण्याचं कारण म्हणजे तेवढ्या लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे डोळ्याला नजर जुळवायला जोर लावावा लागत नाही. गल्लीतल्या दुकानात सहा मीटर लांबी कुठून आणणार? म्हणून तीन मीटरवर आरसा लावतात आणि त्यात तक्ता बघायला सांगतात. अमेरिकेतला भाऊ "२०/२०" म्हणतो ते हेच, फक्त फुटांत.

आकड्यापुढे बारीक "पी" असेल तर ती ओळ अर्धवटच वाचली. आकड्यांऐवजी "सीएफ" असेल तर तक्ता दिसलाच नाही, बोटं मोजता आली. "एचएम" म्हणजे हाताची हालचाल कळली, "पीएल" म्हणजे फक्त उजेड कळला. अशी चिठ्ठी घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

तक्ता इंग्रजी होता. आमचं पोर पहिलीत, मराठी शाळेत. मग निकाल खरा कसा धरायचा?

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यांनीच विचारायला हवा. इथलं पोर घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड आणि इंग्रजीही शिकतं, आणि शिबिरात त्याच्यापुढे कुठला तक्ता येईल ते सांगता येत नाही. अक्षर ओळखता आलं नाही की ते गप्प बसतं आणि चिठ्ठीवर ६/१८ पडतं. उलटही होतं. वर्गात पोर फळ्यावरचं कन्नड वाचत नाही, बाई म्हणतात, "याचं कन्नड कच्चं आहे," आई-वडील शिकवणी लावतात, आणि खरं कारण डोळ्यात असतं.

यावर साधी सोय आहे. इंग्रजी ई हे एकच अक्षर चारही दिशांना फिरवलेला तक्ता असतो. त्याचे दांडे कुठल्या बाजूला आहेत ते मुलाने हाताने दाखवायचं. तुटक्या वर्तुळांचाही तक्ता असतो, त्यात फट कुठे आहे ते दाखवायचं. अगदी लहानांसाठी चित्रांचा. देवनागरी आणि कन्नड अक्षरांचे तक्तेही मिळतात. तपासणाऱ्याला आधीच सांगा, "याला अक्षरं येत नाहीत, ई फिरवून दाखवा." शाळेची पायरी न चढलेल्या आजीसाठीही हेच सांगायचं. आजीला विचारायची लाज वाटते, ती "दिसत नाही" म्हणून मोकळी होते.

चिठ्ठीवरच्या बाकीच्या अक्षरांचा अर्थ काय?

"आरई" किंवा "ओडी" म्हणजे उजवा डोळा, "एलई" किंवा "ओएस" म्हणजे डावा. चिठ्ठी कन्नडमध्ये असेल तर "बल" म्हणजे उजवा, "एड" म्हणजे डावा. कागदावर उजवा डोळा सहसा पहिला लिहितात.

"एसपीएच" हा मुख्य नंबर. पुढे उणे असेल तर लांबचं कमी दिसतं, अधिक असेल तर उलटा दोष, म्हणजे दूरदृष्टिता किंवा चाळिशी. नंबर पाव-पावच्या पायऱ्यांनी मोजतात, म्हणून -०.७५ ला आपण पाऊण नंबर म्हणतो आणि -१.५० ला दीड. "सीवायएल" हा सिलिंडर नंबर. बुबुळाचा समोरचा पारदर्शक पडदा सगळ्या बाजूंनी सारखा गोल नसला की तो लागतो. "ॲक्सिस" म्हणजे ती काच चष्म्यात किती अंशांवर बसवायची, १ ते १८० पर्यंत. हा आकडा मोठा आहे म्हणून घाबरणारे खूप भेटतात. १७५ ॲक्सिस म्हणजे १७५ नंबर नव्हे! ती फक्त दिशा आहे.

"ॲड" म्हणजे वाचण्यासाठी वरून मिळवायचा नंबर, चाळिशीनंतरचा. "पीडी" म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. "एन ६" सारखं काही असेल तर ते जवळच्या वाचनाचं माप. आणि "पीएच" म्हणजे बारीक भोकातून बघायला लावून केलेली चाचणी. भोकातून बघून अक्षरं स्पष्ट झाली तर दोष बहुधा नंबरचाच असतो आणि चष्म्याने सुटतो. भोकातूनही फरक पडला नाही तर नंबरापलीकडे काहीतरी शोधायला हवं. चिठ्ठीतली ही ओळ कोणी वाचत नाही, पण मला ती फार कामाची वाटते.

बेळगावात एक नंबर निघाला, कोल्हापुरात दुसरा. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. एका चिठ्ठीवर -१.५० / -०.५० × १८० आहे आणि दुसरीवर -२.०० / +०.५० × ९०, असं समजा. दोन्ही नंबर एकच आहेत! सिलिंडर उण्यात लिहायचा की अधिकात, एवढाच पद्धतीचा फरक. पहिले दोन आकडे मिळवायचे, सिलिंडरचं चिन्ह उलटं करायचं आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा, की एकीची दुसरी चिठ्ठी तयार होते. निपाणीकर कोल्हापूरला जातो, चंदगडचा माणूस बेळगावला येतो, त्यामुळे आपल्याकडे अशा जोडचिठ्ठ्या घरोघरी सापडतात.

पाव नंबरचा फरक तर त्याच माणसाने त्याच दिवशी दुसऱ्यांदा तपासलं तरी पडतो. अर्ध्याहून जास्त फरक असेल तर मात्र विचारा. कॉम्प्युटरवर हनुवटी टेकवून निघालेला कागद शेवटचा नंबर नसतो. लहान मुलं मशिनमध्ये बघताना नजर आखडतात आणि नसलेला उणे नंबर निघतो. तो कागद तसाच काचा घासायला देणाऱ्याकडून चष्मा करू नये. आणखी एक: साखर वर-खाली होत असलेल्या मधुमेही माणसाचा नंबरही वर-खाली होतो. आधी साखर ताब्यात आणावी, मग काही आठवड्यांनी नंबर काढावा, नाहीतर चष्म्याचे पैसे पाण्यात.

लांबचा नंबर म्हणजे डोळ्यात नक्की काय झालेलं असतं?

शाळेच्या पुस्तकात याला निकटदृष्टिता म्हणतात. बहुतेकांचा डोळा पुढून मागे थोडा लांब वाढलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब. तो एक मिलिमीटर जास्त वाढला तर अडीच ते तीन नंबर पडतो. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी त्याच्या पुढेच पडते. उणे काच तिला मागे सरकवते.

नंबरवरून किती लांबचं स्पष्ट दिसतं ते घरी काढता येतं. एकाला नंबरने भागा, उत्तर मीटरमध्ये. एक नंबरवाल्याला चष्म्याशिवाय एक मीटरपर्यंत स्पष्ट, दोनवाल्याला अर्धा मीटर, चारवाल्याला पाव मीटर. म्हणजे चार नंबरचं पोर पुस्तक नाकाला लावून वाचतं ते खोडीने नव्हे. -०.५० पासून निकटदृष्टिता धरतात आणि -६.०० च्या पुढे ती तीव्र समजतात.

पोर काही सांगत नाही. घरात कशावरून ओळखायचं?

पोराला कधी स्पष्ट दिसलेलंच नसतं. जग असंच धूसर असतं असं त्याला वाटतं, मग तक्रार करणार तरी कसली? ओळखायचं आपण.

डोळे बारीक करून बघणं ही सगळ्यात पक्की खूण. टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसणं, फळ्यावरचं सोडून शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणं, वहीत अर्धवट वाक्यं येणं. बसस्टँडवर खानापूर की यल्लापूर हे बस अगदी पुढ्यात येईपर्यंत न कळणं. क्रिकेटमध्ये जवळचे झेल घेणारं पोर बाउंड्रीवर उभं केलं की चेंडू सोडायला लागणं. अनोळखी असल्यासारखं रस्त्यात काकांसमोरून निघून जाणं, आणि मग घरी "तुमचं पोर शिष्ट झालंय" असा निरोप येणं. संध्याकाळी, दिवेलागणीला जास्त अडखळणं. डोकेदुखीही लोक सांगतात, पण नुसत्या उणे नंबरने डोकं दुखतंच असं नाही. तिथे सिलिंडर किंवा अधिक नंबरचा संशय घ्यावा.

एक चाचणी घरी करा. कॅलेंडर भिंतीवर, पोर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही, आणि तारखा वाचायच्या. मग दुसरा. दोन डोळ्यांत फरक आढळला तर तो आठवडा वाया घालवू नका. एक डोळा चांगला असला की मूल त्याच्यावरच भागवतं आणि दुसरा मेंदूकडून दुर्लक्षित राहतो. या आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर सर्वांत चांगला गुण येतो, पुढे ते अवघड होत जातं. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीत हे कधीच सापडत नाही.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि तीन दिवस लावून या म्हणाले. पोराला वाचता येईना, उजेड सहन होईना. औषध चुकलं का?

नाही. लहान मुलांची नजर जुळवायची ताकद जबर असते, ती खरा नंबर लपवते. म्हणून ॲट्रोपीन मलमाने ती काही काळ बंद करून नंबर काढतात. मोठ्या मुलांना तासाभरात काम करणारे थेंब पुरतात. बाहुली मोठी राहते म्हणून उजेड टोचतो. ॲट्रोपीनचा परिणाम आठवडा-दीड आठवडाही राहतो, थेंबांचा बराच लवकर जातो. परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नका, आणि त्या दिवशी मोठ्यांनी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. ताप आला किंवा चेहरा लालबुंद झाला तर मात्र मलम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

चष्मा लावला की नंबर वाढत जातो म्हणतात. थोडा कमीच द्यायला सांगू का?

नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. आठ ते पंधरा हे वयच उंची आणि डोळा वाढण्याचं. चष्मा लागायचं वय आणि नंबर वाढायचं वय एकच, म्हणून दोष चष्म्यावर जातो. मुद्दाम कमी नंबर देऊन वाढ थांबते का हेही तपासून झालं आहे. थांबत नाही, काही मुलांत उलट जास्त वाढ दिसली. कमी नंबर द्या म्हणून हट्ट धरणाऱ्या आजोबांना हे शांतपणे सांगावं लागतं.

मग वाढ रोखायला काहीच नाही?

आहे, आणि पहिला उपाय फुकटचा आहे: दिवसाउजेडी बाहेर खेळणं, रोज दोन तासांच्या आसपास. चीनमधल्या ग्वांगझू शहरात प्राथमिक शाळांत रोज चाळीस मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना नवा लांबचा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत जवळपास ४० टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लख्ख उजेडाने डोळ्याच्या मागच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते डोळ्याची लांबी वाढू देत नाही, असं त्याचं कारण मानलं जातं. नंबर लागण्याआधी याचा उपयोग जास्त, लागल्यानंतर कमी. म्हणून धाकट्या भावंडांना आतापासूनच बाहेर काढा.

आता आपल्याकडची अडचण. जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस, खानापूरच्या कणकुंबी-जांबोटीकडे तर विचारायलाच नको. पण ढगाळ दिवसातही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबच्या कित्येक पट असतो. उघडीप मिळाली की अंगणात, नाहीतर पडवीत, गच्चीच्या पत्र्याखाली खेळू द्या. पावसाळ्यात शिकवण्या संध्याकाळी पाचला ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती माझ्या डोळ्यांत खुपते. मुलाला मिळणारा तेवढाच उजेडाचा वेळ आपण खोलीत कोंडतो.

वर्षाला अर्धा नंबर किंवा जास्त वाढत असेल तर डॉक्टर पुढचे उपाय सुचवतात. एक, अगदी कमी प्रमाणातले ॲट्रोपीनचे थेंब, साधारण ०.०१ ते ०.०५ टक्के, रोज रात्री. यांनी नंबर उतरत नाही, वाढीचा वेग कमी होतो. मनाने सुरू किंवा बंद करायचे नाहीत, एकदम सोडले तर वाढ पुन्हा उसळी घेऊ शकते. दुसरे, मुलांसाठीचे खास चष्मे, ज्यांच्या काचेत मध्यभागी नेहमीचा नंबर आणि भोवती वेगळी रचना असते. ते महाग आहेत. वाढ मंद असलेल्या मुलाला सरसकट घ्यायला लावत असतील तर आधीच्या दोन चिठ्ठ्या मागून घेऊन तुलना करा. इथेच त्या जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या पैसे वाचवतात.

मोबाईलमुळेच होतं ना हे सगळं?

मोबाईल एकटा गुन्हेगार नाही. तासन्‌तास जवळ बघणं आणि घरात बसून राहणं हे खरं कारण, त्यात आई-वडिलांना नंबर असेल तर भर. पुस्तक असो की फोन, कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर हवं आणि मधूनमधून खिडकीबाहेर लांब बघायला हवं. पांघरुणात तोंड घालून फोन बघणं बंद.

गाजर, शेवगा, डोळ्यांचे व्यायाम?

खा, चांगलंच आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि त्यावर ते लागतंच. पण लांब झालेला डोळा गाजराने आखूड होत नाही, त्राटकानेही नाही. डोळ्यांत मध, कांद्याचा रस वगैरे घालणं सरळ धोक्याचं.

मुलीचं लग्न ठरवायचं आहे. ऑपरेशनने चष्मा घालवता येईल का?

चष्म्यावरून मुलगी नाकारणारं घर कसलं, हा माझा प्रश्न. पण मुलीला स्वतःला हवं असेल तर अठरा वर्षं पूर्ण झालेली हवीत, नंबर निदान वर्षभर स्थिर हवा आणि पारदर्शक पडद्याची जाडी-आकार मोजलेला हवा. डोळे सतत चोळणाऱ्या, सिलिंडर पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या मुलांत हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार असू शकतो, त्यात लेसर करायचं नसतं. आणि लेसरने डोळ्याची लांबी कमी होत नाही. नंबर मोठा होता त्यांनी चष्मा गेल्यावरही डोळ्याचा मागचा पडदा तपासत राहायला हवा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने ती धुवायची नाही, घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही.

आजोबांना अचानक चाळिशीशिवाय 'तरुण भारत' वाचता येतोय. डोळे सुधारले?

सुधारले नाहीत, मोतीबिंदू सुरू झाला असण्याची शक्यता जास्त. मोतीबिंदूचा गाभा घट्ट होताना उणे नंबर तयार होतो, जवळचं काही महिने छान दिसतं आणि लांबचं धूसर होतं. खूश होऊ द्या, पण तपासायला न्या.

थांबून न राहता त्याच दिवशी कधी जायचं?

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके-जाळ्या वाढल्या, अंधारातही विजा चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसायला लागलं, तर आतला पडदा फाटलेला किंवा सुटत असू शकतो. मोठ्या उणे नंबरवाल्यांना हा धोका जास्त. दुखत नाही म्हणून लोक सोमवारपर्यंत थांबतात, थांबू नये. अचानक नजर गेली, डोळा लाल होऊन दुखतोय, उद्यमबागेत काम करताना लोखंडाचा कण उडाला, तेव्हाही त्याच दिवशी. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर लगेच.

दाखवायचं कुठे? खर्च झेपत नाही.

चष्मा दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतो, नेत्रतज्ज्ञ आजार बघतो आणि ऑपरेशन करतो. मुलाचा पहिला नंबर नेत्रतज्ज्ञाकडूनच काढावा. बेळगावात बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्म्याचीही तरतूद आहे. मुख्याध्यापकांना विचारा, नाव यादीत घालून घ्या. फुटपाथवरचा तयार चष्मा आजोबांच्या पेपरापुरता चालेल, पण मुलाला नको. त्यात दोन्ही काचा सारख्या असतात आणि सिलिंडर नसतो.

लायसन्स आणि भरतीसाठी काय बघतात?

लायसन्सच्या अर्जातल्या स्वयंघोषणेत चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असा प्रश्न असतो. चष्मा लावून चालतं. सही करण्याआधी रस्त्यावर उभं राहून खरंच वाचून बघा.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने पहाटे पळणारी पोरं गावोगाव दिसतात. नजरेची अट, लेसर चालतं की नाही, हे पदागणिक बदलतं, त्यासाठी त्या-त्या भरतीची जाहिरातच वाचावी. आणखी एक चाचणी असते ती रंगांची. ठिपक्यांतून आकडा ओळखायचे हे तक्ते शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये काढले. जन्मजात रंगांधळेपणा चष्म्याने वा ऑपरेशनने जात नाही, आणि तो असलेल्या बहुतेक मुलांना तो असल्याचं माहीतच नसतं. त्यामुळे दोन वर्षं मैदान मारण्याआधी दहा मिनिटांची ही तपासणी करून घ्यावी.